उत्तर यंत्राचे, सही आपली



गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या रनिंग रूममध्ये, बुकिंग ऑफिसात, आरएमएसच्या कचेरीत आणि खेड्यातील शाखा डाकघरातसुद्धा एक नवी सवय रुजली आहे. रजेचा अर्ज लिहायचा असो, खात्याच्या परीक्षेचा अभ्यास असो, वा हाती पडलेल्या चार्जशीटला उत्तर द्यायचे असो, खिशातून मोबाईल काढायचा, चॅटबॉटला मराठीत प्रश्न विचारायचा आणि आलेला मजकूर उतरवून घ्यायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आला. त्याच्या मागोमाग तशीच आणखी यंत्रे आली आणि आता तर व्हॉट्सॲपमध्येही एक येऊन बसले आहे. ते वापरावे की नाही, हा प्रश्न मागे पडला आहे. कामगार ते वापरतोच आहे. कसे वापरावे आणि कोठे हात आखडता घ्यावा, याचा विचार मात्र संघटनेने केला पाहिजे.

यंत्राला सरसकट विरोध करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ऐंशीच्या दशकात नवी दिल्लीत आरक्षण संगणकावर गेले तेव्हा आपल्यातील अनेकांच्या पोटात गोळा आला होता. आज त्या संगणकाशिवाय आरक्षणाची खिडकी उघडत नाही. परंतु यंत्र आले की सारे आपोआप भले होते, असेही आमचा अनुभव सांगत नाही. १९९०-९१ मध्ये रेल्वेत सुमारे १६.५ लाख कर्मचारी होते, आज ती संख्या १२ लाखांच्या आसपास आहे. याला एकटा संगणक कारणीभूत आहे असे कोणी म्हणणार नाही, पण यंत्राचे निमित्त पुढे करून जागा रिकाम्या ठेवणे किती सोपे असते, हे आपण पाहिले आहे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ मध्येच संगणकाबाबत वाटाघाटी करून व्यवस्थापनाशी करार केला होता. यंत्राला दार लावून घेण्यापेक्षा त्याच्या येण्याच्या अटी ठरवणे शहाणपणाचे, हा त्यातला धडा आहे.

आधी फायद्याचे बोलू. आमच्यासारखे मॅट्रिक होऊन नोकरीला लागलेले हजारो कामगार इंग्रजी पत्राच्या भीतीत जन्मभर राहिले. इटारसी, खांडवा, वडोदरा, हुबळी, सिकंदराबाद अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाची अडचण तर दुहेरी. ऑफिसचा कागद इंग्रजीत किंवा हिंदीत, बाहेरची भाषा तिसरीच, आणि विचार मात्र मराठीत. एखादे परिपत्रक समजून घ्यायचे तर हेडक्लार्कच्या मागेपुढे करावे लागे. त्याची मर्जी असली तर तो सांगणार, नाहीतर "उद्या या". आज तेच परिपत्रक चॅटबॉटला दिले तर दोन मिनिटांत मराठीत सारांश मिळतो. आपले म्हणणे मराठीत बोलले तर नीटनेटके इंग्रजी पत्र तयार होते. ही गोष्ट लहान नाही. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचा हक्क कागदावरच राहतो, हे संघटनेत काम करणाऱ्याला सांगायला नको.

अभ्यासाचेही तेच. ट्रॅक मेंटेनर वा पॉईंट्समन खात्याच्या परीक्षेला बसतो, ग्रामीण डाक सेवक पोस्टमनच्या परीक्षेची तयारी करतो. शिकवणीला पैसे नाहीत आणि ड्युटीच्या पाळ्यांमुळे वेळही नाही. अशा वेळी यंत्राला एकच गोष्ट दहा वेळा विचारता येते. ते चिडत नाही आणि "एवढेही कळत नाही का?" असे म्हणत नाही. त्यातही आमचा सल्ला असा की उत्तर मागण्याऐवजी प्रश्न मागावेत. "या धड्यावर मला वीस प्रश्न विचार, माझे उत्तर चुकले तर कुठे चुकले ते सांग," असे म्हटले की अभ्यास आपल्या डोक्यात राहतो. नुसती तयार उत्तरे वाचणाऱ्याचा अभ्यास मोबाईलमध्येच राहतो, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाईल नेता येत नाही.

आता धोक्याकडे वळू. आमच्या शाखेत एक सभासद एसएफ-११ चे, म्हणजे मायनर पेनल्टीच्या चार्जशीटचे, उत्तर तयार करून घेऊन आला. इंग्रजी इतके सुरेख की आम्हाला कौतुक वाटले. मग अर्थ लावत वाचले. पहिल्याच परिच्छेदात "घडलेल्या चुकीबद्दल मी मनापासून दिलगीर आहे, पुन्हा असे होणार नाही" असे लिहिलेले! यंत्राला सभ्यपणे लिहायची सवय असते. त्याने सभ्यपणा दाखवला आणि आरोप मान्य करून टाकला. असा कागद दाखल झाला असता तर पुढे बचावाला काय उरले असते? शिवाय त्यात आधार दिला होता १९६५ च्या सीसीएस (सीसीए) नियमांचा. ते नियम पोस्टातील बांधवांना लागू आहेत. रेल्वे कामगाराला लागू होतात ते १९६८ चे डिसिप्लिन अँड अपील रूल्स. ते उत्तर आम्ही बाजूला ठेवले, नियमांचे पुस्तक उघडले आणि कामगाराकडून घटना मराठीत ऐकून नवे उत्तर लिहिले. इंग्रजी सुधारण्यापुरते त्याच यंत्राचे साहाय्य घेतले.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. चॅटबॉट म्हणजे नियमांचे कपाट नव्हे. अफाट मजकूर वाचवून त्याला कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभतो हे शिकवलेले असते. त्यावरून ते वाक्य जुळवते. काही यंत्रे आता इंटरनेटवर शोधूनही सांगतात, पण तेथले पान जुने किंवा चुकीचे असले तर उत्तरही तसेच येते. खरा नियम आणि जुळवलेला नियम ते एकाच ठाम सुरात सांगते, हीच मोठी अडचण आहे. माणूस खोटे बोलताना अडखळतो, यंत्र अडखळत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला, तो वकिलांना. यंत्राला दंड होत नाही, कारण सही त्याची नसते.

निव्वळ खोट्यापेक्षा अर्धवट खरे अधिक फसवते. रेल्वेवाल्याने रजेबद्दल विचारले तर उत्तर १९७२ च्या केंद्रीय रजा नियमांवरून येऊ शकते, आणि ते नियम रेल्वे कर्मचाऱ्याला लागू नाहीत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम ९-अ आपल्या चळवळीत सर्वांच्या तोंडी असे. सेवाशर्तीत बदल करायचा तर मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी, असे ते कलम. पण त्याच्याच परंतुकात रेल्वे एस्टॅब्लिशमेंट कोड लागू असणाऱ्यांना वगळले होते. आणि तो कायदाच नोव्हेंबर २०२५ मध्ये जाऊन त्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. कलम सांगणारे आणि परंतुक गाळणारे उत्तर घेऊन साहेबांपुढे गेलेला कामगार तोंडघशी पडतो.

पोस्टातील बंधू-भगिनींना तर ग्राहकाला तोंड द्यावे लागते. खेड्यातील म्हातारी विचारते, "दादा, बायकांची ती योजना आहे का अजून?" महिला सन्मान बचत पत्र ३१ मार्च २०२५ ला बंद झाले. जुन्या माहितीवरचे यंत्र ते चालू असल्याचे सांगेल. अल्पबचतीच्या व्याजदरांचा आढावा दर तिमाहीला होतो. १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा जाऊन २०२३ चा कायदा जून २०२४ पासून अमलात आला आहे. यातले काही चुकीचे सांगितले गेले तर म्हातारी मोबाईलला बोल लावणार नाही, "पोस्टमनदादाने सांगितले" असेच म्हणेल. तिचा विश्वास आपल्यावर आहे, आणि त्या विश्वासावर आपले खाते उभे आहे.

गाडी चालवण्याशी, सिग्नलशी, लाईनशी ज्यांचा संबंध आहे त्यांना आम्ही हात जोडून सांगतो की सुरक्षेच्या कामात या यंत्राला विचारू नका. जनरल रूल्स १९७६ चे आहेत, पण त्यावरचे सबसिडिअरी रूल्स प्रत्येक झोनचे वेगळे, आणि स्टेशन वर्किंग रूल्स तर प्रत्येक स्टेशनचे स्वतंत्र. कालची करेक्शन स्लिप आणि आजची कॉशन ऑर्डर यंत्राला ठाऊक नसते. घरी बसून नियमाचा अर्थ समजून घेण्यास हरकत नाही. ड्युटीवर मात्र पुस्तक, लेखी आदेश आणि आपला सुपरवायझर हेच खरे.

आणखी एक काळजी घ्यावी. चार्जशीट, वैद्यकीय कागद, सहकाऱ्यांची नावे, पीएफ क्रमांक, खातेदाराचा आधार वा खाते क्रमांक यातले काहीही चॅटबॉटमध्ये टाकू नये. तो मजकूर कोणत्या कंपनीकडे जातो आणि तिथे किती काळ राहतो, यावर आपला ताबा नाही. केंद्रीय अर्थमंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्येच आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकावर अशी साधने वापरू नका असे बजावले आहे. मदत हवी तर नाव-गाव काढून टाकून विचारावे. नाहीतर एक प्रकरण मिटवताना दुसरे चार्जशीट अंगावर यायचे.

येथवर आम्ही कामगाराच्या सहीबद्दल बोललो. पण हाच न्याय प्रशासनालाही लागू आहे. उद्या चार्जशीटचा मसुदा, अपिलाचा निकाल, बदलीची यादी वा रजेचा नकार यंत्राकडून तयार होऊन येऊ लागला, तर खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याने तो वाचला तरी आहे का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. रामचंदर विरुद्ध भारत सरकार या १९८६ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेलाच बजावले होते की अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः विचार करून, कारणे देऊन निर्णय दिला पाहिजे. कारणे यंत्राने लिहिली तर विचार कोणी केला? केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर करून निष्कर्ष आणि निकाल यांसाठी ही साधने वापरण्यास मनाई केली. न्यायाधीशाला जे चालत नाही ते डिसिप्लिनरी अथॉरिटीला का चालावे?

म्हणून पीएनएम आणि जेसीएमच्या बैठकांत काही मागण्या मांडल्या गेल्या पाहिजेत, असे आमचे मत आहे. पहिली, प्रत्येक डेपोत, स्टेशनात आणि डाकघरात करेक्शन स्लिपसह अद्ययावत नियमपुस्तके हवीत आणि ती कामगाराच्या भाषेतही हवीत. यंत्राचे उत्तर पडताळायला मूळ पुस्तकच नसेल तर कामगाराने पडताळायचे कशाशी? दुसरी, ही साधने शिकवायची तर ती ड्युटीच्या वेळेत शिकवावीत, विश्रांतीच्या वेळेवर घाला घालून नव्हे. तिसरी, कामगाराविरुद्धच्या कोणत्याही कागदात यंत्राचा वापर झाला असेल तर तसे लेखी कळवावे. चौथी, यंत्राचे कारण सांगून एकही पद चर्चेविना सरेंडर होऊ नये. अशा अटी मागणारे आपण पहिले नाही. अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला आणि करारात लिहून घेतले की कंपनी लेखकावर हे यंत्र वापरण्याची सक्ती करणार नाही आणि यंत्राने लिहिलेला मजकूर हाती दिला तर तसे सांगेल.

शाखांनीही स्वतःचे काम करावे. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी. तरुण सभासदाने मोबाईल आणावा, जुन्या कार्यकर्त्याने नियमपुस्तक आणावे. एकाने यंत्राला विचारावे, दुसऱ्याने पुस्तकात ताडून पाहावे. तरुणाला नियम कळतील, जुन्याला यंत्र कळेल. अपिलाची मुदत ४५ दिवसांची असते. त्यातले दोन दिवस पडताळणीला दिले तर काही बिघडत नाही, पण न पडताळता दिलेला कागद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये कायमचा राहतो.

चॅटबॉटने लिहिलेल्या कागदाखाली चॅटबॉटचे नाव येत नाही. तेथे आपले नाव, आपला हुद्दा आणि आपला टोकन नंबर येतो. पगारवाढ रोखली गेली तर ती आपली, आणि घरी जाब विचारला जातो तोही आपल्यालाच. तेव्हा मदत जरूर घ्या, पण सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत सांगता येतो का, ते स्वतःला विचारा. येत नसेल तर पेन खाली ठेवा आणि युनियनच्या ऑफिसात या. तेथे अजून माणसे बसतात.