धण्यातली बुरशी आणि आमची अहिंसा



"अहो, धण्याच्या दाण्याच्या आतसुद्धा बुरशी राहते. मग कांदा-लसूण सोडून तुम्ही मिळवलंत काय?" हा टोमणा हल्ली शिकल्यासवरल्या माणसांकडून फार ऐकू येतो. त्यातलं खरं ते आधी मान्य करू.

प्रयोगशाळेत मसाल्याचं बी वरून नीट निर्जंतुक करून अगारच्या थाळीत ठेवतात. काही दिवसांत आतून बुरशीचे तंतू बाहेर येतात. म्हणजे ती वरून चिकटलेली नसते, आत वस्तीला असते, आणि झाड मात्र ठणठणीत. अशा बुरशीला एंडोफाइट म्हणतात. मिरीच्या वेलात, हळदीच्या गड्ड्यात, मिरचीत, सगळीकडे ती सापडते. काही तर झाडाच्या उपयोगाच्या. थरच्या वाळवंटात सापडलेली सेरेंडिपिटा इंडिका मुळांच्या आत राहून रोपाची वाढ सुधारते.

तर आहे बुरशी. पुढे काय?

एकही जीव दुखावणार नाही, असं श्रावकाने कधी म्हटलेलंच नाही. ते महाव्रत मुनिमहाराजांचं. आपलं अणुव्रत: त्रस जीवांची संकल्पी हिंसा सोडायची, स्थावरांची गरजेपुरती ठेवायची. कमी करणं शक्य आहे तिथे कमी करायचं. पूर्ण जमत नाही म्हणून थोडंही करू नये, हा न्याय हे लोक इतर कुठे लावतात का? हवेत धूळ असतेच, म्हणून कुणी केर काढायचं सोडत नाही.

आपल्यातल्याही काहींचं मला पटत नाही. "आमच्या शास्त्रात हे आधीच होतं" असं ते लगेच सांगतात. एका वनस्पतीच्या आश्रयाने निगोद जीव राहतात, तिला सप्रतिष्ठित प्रत्येक म्हणतात, हे खरं. पण त्याचा अर्थ आचार्यांनी एंडोफाइट पाहिले होते असा होत नाही. अशी ओढाताण करून आपण शास्त्राचीच किंमत कमी करतो.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. "आत असतेच ना" म्हणून आता बायका ओल लागलेली मिरचीही चालवून घेतात! मिरचीतला कोलेटोट्रायकम हिरव्या फळात गुपचूप बसतो आणि फळ पिकायला लागलं, दमट हवा मिळाली की डाग पाडून ते कुजवतो. त्याला वाव मिळतो तो ओलीमुळे. आणि ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी नीट न वाळलेल्या मिरचीत, जायफळात वाढली की अफलाटॉक्सिन तयार करते. ते यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतं. युरोपात सुक्या मिरचीत किलोला 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तव्यावर भाजून वास जातो, विष जात नाही.

म्हणून सांगलीकडे हळद शिजवून दहा-पंधरा दिवस उन्हात टाकतात ते उगाच नाही. आणि दळलेल्या मसाल्याची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, थंडीत 7, हे सासूबाईंचं खूळ नव्हे. दाण्याच्या आत जे निसर्गतः आहे त्याला आपण आणलेलं नाही. डब्यात ओला चमचा घालून जी फूग आपण वाढवतो, आणि मग अनंत जीवांसकट कचऱ्यात फेकतो, ती मात्र सर्वस्वी आपली.

चातुर्मास तोंडावर आहे. धणे-जिरे अख्खे आणा, ऊन दाखवा, लागेल तेवढंच कुटा. मिरची घेताना देठ मोडून आत बघा. पांढरा-करडा भुसा दिसला तर दुकानदार कितीही "वरवरचं आहे ताई" म्हणो, ती पिशवी घरी आणू नका.