रांग मोडा, रिंग खाली आणा

संध्याकाळचे साडेपाच. निगडी-प्राधिकरणातले, चिंचवडमधले किंवा भोसरीतले कोणतेही शाळेचे मैदान घ्या. सिमेंटचे बास्केटबॉल कोर्ट, दोन टोकांना दोन रिंगा, त्यातल्या एकीची जाळी कधीचीच गेलेली. वीस मुले एका रांगेत उभी. पुढचा मुलगा ड्रिबल करत जातो, लेअप मारतो, चेंडू मागे फेकतो आणि रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. बाकीची एकोणीस एकमेकांना टपल्या मारतात, बुटाची नाडी सोडतात, पुन्हा बांधतात. सरांची शिट्टी वाजते आणि रांग एक पाऊल पुढे सरकते.

हिशेब फार अवघड नाही. एका लेअपला, चेंडू परत हातात येईपर्यंत, आठ सेकंद धरा. पंधरा मिनिटांत साधारण ११२ लेअप होतात. वीस जणांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला पाच, फार तर सहा. तासाच्या सरावाचा पाव हिस्सा संपला आणि पोराने रिंगकडे चेंडू टाकला सहा वेळा.

हे जिथे घडते तो पिंपरी-चिंचवडचा पट्टा सेकंदांवर जगणारा आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच सुमारास टेल्को, बजाज आणि त्यांच्या मागोमाग भोसरीतली असंख्य छोटी वर्कशॉप्स. पुढे चाकणला फोक्सवॅगन, महिंद्र, मर्सिडीज. इथल्या घरांत ‘सायकल टाइम’ आणि ‘कायझेन’ हे शब्द जेवणाच्या ताटावर ऐकू येतात. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी कारखान्यातल्या अपव्ययाचे सात प्रकार सांगितले, त्यातला एक म्हणजे नुसते वाट पाहत बसणे. रांगेतल्या मुलाचे वडील चाकणला लाइनवर सुपरवायझर असतील आणि त्यांच्या लाइनवर वीसपैकी एकोणीस माणसे हात बांधून उभी राहिली, तर शिफ्ट संपण्याआधी त्यांना केबिनमध्ये बोलावणे येईल. तेच गृहस्थ संध्याकाळी कोर्टाच्या कडेला स्कूटरवर बसून ही रांग पाहतात आणि त्यांना त्यात काहीच वावगे दिसत नाही. शिस्त दिसते.

रांग मोडायला पैसा लागतो, पण फार नाही. दोघांत एक चेंडू. एकाने मारायचा, दुसऱ्याने रिबाउंड घेऊन परत द्यायचा. एका रिंगभोवती पाच जोड्या. चेंडू चेंडूवर आपटतात, गोंधळ होतो, तरी त्याच पंधरा मिनिटांत एकेका मुलाच्या हातून सहज तीस-पस्तीस शॉट सुटतात. दहा रबरी चेंडू एवढीच काय ती गुंतवणूक. अनेक शाळांत दोनच चेंडू असतात आणि कपाटाची किल्ली तिसऱ्याच माणसाकडे असते, हेही खरे. क्रीडाशिक्षकालाच कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स आणि वर निवडणुकीची ड्युटी सांभाळायची असते. त्याला एकट्याला दोष देऊन हा विषय मिटत नाही.

इथपर्यंत कारखान्याची शिकवण उपयोगी पडते. यापुढे मात्र ती घात करते, आणि आपल्याकडचे अनेक मेहनती प्रशिक्षक नेमके तिथेच चुकतात.

कारखान्यात फरक हा शत्रू असतो. एक छिद्र जिथे पडले तिथेच दहा हजारावे पडले पाहिजे. त्यासाठी जिग, फिक्स्चर, गेज. हीच समजूत कोर्टावर आली की फ्री थ्रोच्या रेषेवर उभे राहून सलग शंभर शॉट मारण्याचा सराव सुरू होतो. पन्नासाव्या शॉटला हात बसतो, सत्तराव्याला टाकेल तो चेंडू आत जातो, सर खूश होतात. शनिवारी सामन्यात तोच मुलगा धावत येऊन, धापा टाकत, अंगावर आलेल्या बचावपटूसमोर चेंडू उचलतो आणि तो रिंगला शिवतसुद्धा नाही.

१९७८ मध्ये रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ या दोन संशोधकांनी मुलांना दाण्यांच्या छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकायला लावल्या. आठ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाने फक्त तीन फुटांवरून सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. तीन फुटांवरून एकदाही नाही. मग दोघांची परीक्षा तीन फुटांवरून घेतली, तेव्हा सरस ठरला दुसरा गट. अंतर बदलले की प्रत्येक वेळी किती जोर, किती उंची याचा हिशेब डोक्याला नव्याने मांडावा लागतो, आणि शिकणे म्हणतात ते त्या मांडण्यातच घडते. एकाच जागेवरून मारताना तो हिशेब पहिल्या चार शॉटमध्ये आटोपतो. उरलेले शहाण्णव शॉट म्हणजे नक्कल.

याचा अर्थ पुनरावृत्ती वाईट असा कोणी काढू नये. १९४०च्या दशकात शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मेयर या प्रशिक्षकाच्या हाती जॉर्ज मायकन नावाचा जाड भिंगाचा चष्मा लावणारा, सहा फूट दहा इंचांचा धांदरट मुलगा आला. मेयरने त्याला रिंगखाली उभे करून एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने असे शेकडो लेअप मारायला लावले. मायकन पुढे त्या काळातला सर्वांत मोठा व्यावसायिक खेळाडू झाला आणि तो सराव आजही ‘मायकन ड्रिल’ म्हणून जगभर चालतो. पण त्यात काय आहे ते पाहावे: हात बदलतो, पाय बदलतो, बाजू बदलते, आणि चेंडू जाळीतून पडताच पुढच्या शॉटसाठी उचलायचा असतो. रांग नाही, थांबणे नाही, सलग दोन शॉट एकसारखे नाहीत. पाच मिनिटे, एक रिंग, एक चेंडू. आपल्या कोर्टांवर हेच ड्रिल रांग लावून करून घेतले जाते, तेव्हा त्यातला प्राण जातो.

आता रिंगकडे वळू. तिची उंची ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून दहा फूट. या आकड्याचा बालशास्त्राशी काही संबंध नाही. तरी आपण नऊ वर्षांच्या पोराला तीच रिंग देतो आणि वर मोठ्या पुरुषांचा, सुमारे सहाशे ग्रॅमचा सात नंबरचा चेंडू देतो. मग ते पोर काय करणार? कमरेपासून, दोन्ही हातांनी, अंग वाकडे करून चेंडू भिरकावते. चेंडू पोचतो, पण सपाट पोचतो.

सपाट शॉट का चालत नाही हे सातवीच्या भूमितीत मावते. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, सात नंबरच्या चेंडूचा सुमारे २४. चेंडू सरळ वरून पडला तर त्याला पूर्ण ४५ सेंटिमीटरचे दार मिळते. ४५ अंशांत आला तर ते दार ३२ वर येते. ३० अंशांत आला तर साडेबावीस, म्हणजे चेंडूपेक्षाही लहान. कडेला न लागता तो आत जाणे शक्यच नाही. प्रशिक्षक बाजूने ओरडतात, “अरे, नीट मार!” त्या ‘नीट’मध्ये मुलाला काय कळावे? कोपर चेंडूखाली आण, गुडघ्यातून उठ, मनगट शेवटी सोडून दे, चेंडू बोर्डाच्या माथ्यापर्यंत चढू दे, यातले एक वाक्य पुरते.

नेमके कसे सांगावे हे जॉन वुडन यांच्याकडून शिकावे; हे नाव प्रशिक्षकांना सांगावे लागत नाही. मुळात इंग्रजीचे शिक्षक असलेल्या या माणसाने कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाला १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. त्यांच्या शेवटच्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाला जाऊन बसले आणि त्यांनी वुडन यांच्या तोंडून निघालेले प्रत्येक वाक्य, केलेली प्रत्येक खूण टिपली. २,३२६ नोंदी झाल्या. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश नोंदींत नेमकी माहिती होती: काय करायचे, कसे करायचे. शाबासकी थोडी, ओरडा थोडा, भाषण जवळपास नाहीच. आणि रोजच्या सरावाची मिनिटामिनिटाची आखणी छोट्या कार्डावर लिहून खिशात.

पुन्हा रिंगच्या उंचीकडे येऊ. अमेरिकेची बास्केटबॉल संघटना आणि एनबीए यांनी मिळून लहान मुलांसाठी केलेल्या शिफारशी पाहा. सात-आठ वर्षांच्या मुलांना आठ फुटांची रिंग आणि पाच नंबरचा चेंडू. नऊ ते अकरा वयाला नऊ फूट आणि सहा नंबर. दहा फूट बाराव्या वर्षापासून. अकराव्या वर्षापर्यंत झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, मनाई आणि तीन गुणांचा शॉटही नाही. जिथे रिंग टोपलीची होती त्या देशाने ती खाली आणली. आपण मात्र ती शास्त्रवचनासारखी जपतो.

झोनचा उल्लेख आलाच आहे तर डावपेचांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धेत जिंकण्याचा सोपा मार्ग सगळ्यांना ठाऊक असतो. वर्गातला सर्वांत उंच मुलगा रिंगखाली उभा करा, बाकीच्या चौघांना झोनमध्ये पसरवा. समोरच्यांना लांबून मारता येत नाही, म्हणून ते हरतील. आक्रमणासाठी तीन ठरावीक ‘सेट’ घोकून घ्या: एक बोट वर म्हणजे हा, मूठ म्हणजे तो. मुले पाढे म्हणावेत तसे हे सेट म्हणतात. दुसऱ्या पासला समोरचा बचावपटू नेहमीच्या जागी सापडला नाही की पाचही जण सरांकडे बघतात.

आणि सर असे का करतात? कारण स्पर्धा तसे करायला लावते. महापालिका पातळी, मग विभाग, मग राज्य. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण. पुढे पात्र खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण. शाळेच्या सूचनाफलकावर करंडकाचा फोटो लागतो, कोणत्या मुलीचा डावा हात सुधारला याचा लागत नाही. ज्या सरांनी वर्षभर डावा हात शिकवला आणि पहिल्या फेरीत हरले, त्यांचा करार पुढच्या जूनमध्ये होतोच असे नाही.

तरीही डाव शिकवण्याची दुसरी रीत आहे. १४ मार्च १९९६ रोजी प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संघाने गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असे हरवले. प्रशिक्षक पीट कॅरिल यांच्याकडे उंच, दांडगे खेळाडू नव्हते. शेवटच्या सेकंदांत निर्णायक ठरला तो एक ‘बॅकडोअर’ कट: बचावपटू पास अडवायला पुढे सरकला, त्याच क्षणी आक्रमक त्याच्या पाठीमागून रिंगकडे निसटला, आणि चेंडू जमिनीवर टप्पा घेऊन त्याच्या हातात आला. त्या डावाचे मर्म एवढेच: तुझा माणूस चिकटला तर मागून जा, सैल पडला तर शॉट घे. शिकागो बुल्सची सहा विजेतेपदे ज्या ‘ट्रँगल’वर उभी राहिली, त्या टेक्स विंटर यांच्या रचनेतही पुढचा पास बचाव पाहूनच ठरतो. बोटे मोजायची गरज नाही. दे आणि धाव, चिकटला तर मागून, मदतीला आला तर मोकळ्याला दे, ही तीन वाक्ये बारा वर्षांच्या मुलाला आठवडाभरात कळतात आणि भारतीय संघापर्यंत पुरतात.

भारतीय संघ दूरचा विषय नाही. २०१७ मध्ये बेंगळुरूला भारताच्या मुलींनी महिला आशिया कपच्या ‘ब’ विभागाचा अंतिम सामना कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ असा जिंकला आणि वरच्या विभागात पाऊल टाकले. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे ती देशाची कर्णधार झाली. दोन गुणांचा फरक म्हणजे दोन फ्री थ्रो. मुंबईच्या नागपाड्याने तर फार आधीच, दाटीवाटीच्या वस्तीतल्या कोर्टांवरून, अब्बास मुंतसीर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कार मिळवणारा खेळाडू दिला. तिथे लाकडी फ्लोअर नव्हता.

पिंपरी-चिंचवडमध्ये जागेची सबबही आता फारशी टिकत नाही. वाकड, रावेत, मोशी, चिखलीच्या नव्या सोसायट्यांत हाफ कोर्ट असते. बहुधा त्यावर क्रिकेट चालते किंवा गाड्या लागतात. टोकियो ऑलिम्पिकपासून पदकाचा खेळ झालेल्या ३ बाय ३ बास्केटबॉलला नेमके एवढेच लागते: एक रिंग, १५ बाय ११ मीटर, दहा मिनिटे किंवा २१ गुण, शॉटला १२ सेकंद. तिघांतल्या कोणालाच लपता येत नाही, आणि घोकलेला सेट खेळायला बारा सेकंद पुरत नाहीत. महापालिकेने शालेय हंगाम सुरू होण्याआधी जूनमध्ये बारा वर्षांखालील मुलामुलींसाठी अशी स्पर्धा घ्यावी: झोन बंद, चेंडू लहान, रिंग साडेआठ फुटांवर. प्रशिक्षकांना भाषण देण्याची गरज उरणार नाही. नियम बदलला की सराव आपोआप बदलतो.

राहिला प्रश्न रिंग साडेआठ फुटांवर आणायची कशी. बोर्डाच्या मागच्या खांबाला एक सरकता कंस, चार बोल्ट आणि वर-खाली करायला दोन खाचा. ड्रॉइंग हातात दिले तर भोसरीतला कोणताही फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत करून देईल.