अंगठ्याखालचा ओम

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या कुठल्याही पोराची वही उघडा, पहिल्या काही पानांतच एक त्रिकोण सापडेल. वर व्ही, खाली आय आणि आर. जे काढायचं त्यावर अंगठा ठेवायचा आणि उरलेलं वाचायचं. या करामतीला आपल्याकडे शिकवणं म्हणतात. मी त्याला अंगठेबहाद्दर घडवण्याचा सरकारमान्य कारखाना म्हणतो.

खामगावात माझी इलेक्ट्रिकची ठेकेदारी आहे. सर्टिफिकेट घेऊन पोरं येतात. त्यांच्या हातात कसब असतं, याबद्दल तक्रार नाही. कंड्यूट टाकतात, स्टार्टर जोडतात, मेगर लावतात. सूत्र फिरवायची वेळ आली की मात्र घाम फुटतो.

शेगाव रोडकडच्या एका शेतातली गोष्ट. पाच एचपीचा थ्री-फेज पंप, करंट साडेसात ॲम्पिअर, मीटरपेटीपासून विहीर 300 मीटर. वाटेत 20 व्होल्टपेक्षा जास्त गळती नको, तर तांब्याची केबल किती चौरस मिलिमीटरची घ्यायची? सूत्र पोराला तोंडपाठ होतं: व्होल्टेज ड्रॉप म्हणजे वर्गमूळ तीन गुणिले विशिष्ट रोध, गुणिले लांबी, गुणिले करंट, भागिले क्षेत्रफळ. म्हटलं, आता क्षेत्रफळ वेगळं काढ. त्याने बॉलपेनने तळहातावर त्रिकोण काढला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "भाऊ, यात पाच जण आहेत. बसत नाहीत." आणि अंदाजपंचे अडीचची केबल सांगून मोकळा झाला.

क्षेत्रफळ आणि ड्रॉप यांची जागा बदलली की काम संपतं. तांब्याचा विशिष्ट रोध 0.0172 धरला तर उत्तर 3.35 येतं, म्हणजे बाजारातली 4 चौरस मिलिमीटरची केबल. अडीचची टाकली तर 27 व्होल्ट वाटेतच जिरतात. लाइनचं व्होल्टेज हंगामात आधीच पडलेलं असतं, त्यात ही भर. मग मोटार जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं आणि एक दिवस धूर निघतो. रिवाइंडिंगचे पैसे जातात शेतकऱ्याच्या कापसाच्या पट्टीतून.

त्रिकोणाची खोटच ही आहे. तीन राशी असल्या आणि नुसता गुणाकार असला तरच तो चालतो. वर्ग आला की त्याने हात वर केलेच. हजार वॅटचा, 230 व्होल्टचा हीटर 180 व्होल्टवर किती वॅट देईल, विचारून बघा. पोरं सरळ त्रैराशिक मांडून 783 सांगतात. खरं उत्तर साधारण 612, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. यावर उपाय म्हणून बारा सूत्रांचं एक चक्र भिंतीवर टांगलेलं असतं. ज्याला दोन सूत्रं फिरवता येतात त्याला उरलेली दहा फुकट मिळतात, हे सांगायला वेळ नाही. बारा घोकायला मात्र वेळच वेळ.

"अहो, कारागिराला कशाला हवं एवढं गणित?" हा प्रश्न मला सुशिक्षित माणसं विचारतात. ज्याच्या नावावर हा त्रिकोण खपवता तो जॉर्ज ओम कुलूपं बनवणाऱ्या कारागिराचाच पोरगा होता, आणि त्याला गणिताची गोडी लावली ती त्याच कुलूपवाल्या बापाने. ओमने 1826 साली मांडलेल्या सूत्रात छेदात दोन पदं होती, एक तपासायच्या तारेचं आणि दुसरं बाकीच्या सर्किटचं. म्हणजे खुद्द ओमचं सूत्रसुद्धा ओमच्या त्रिकोणात बसत नाही!

दुसरा बचाव असा की पोरंच कच्ची येतात. या ट्रेडला दहावीत गणित आणि विज्ञान लागतंच. पण शाळेत त्यांना काय सांगितलेलं असतं? पलीकडे गेला की चिन्ह बदलतं. आपल्या आमदारांसारखं! का बदलतं, हे तिथेही कुणी विचारत नाही. दोन्ही बाजूंना सारखीच क्रिया करायची, एवढा एकच नियम आहे. बाकी सगळी त्याची पिलावळ.

कच्ची पोरं म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावच्या चांदीच्या बाजारात जाऊन यावं. वजनाला टंचाने गुणून शंभराने भागलं की शुद्ध चांदी निघते. आता उलटं विचारा: 920 ग्रॅम शुद्ध चांदीत 80 टंचाचा किती माल होईल? अर्धवट शाळा सोडलेला कारागीर हातातलं काम न थांबवता 1150 सांगतो. त्याने सूत्रच फिरवलं. चुकला तर घट त्याच्या अंगावर येते, म्हणून तो चुकत नाही.

आमच्या पोरांच्या अंगावर काहीच येत नाही. संगणकावरच्या परीक्षेत चार पर्याय समोर असतात; एकेक टाकून बघायचा, जुळेल त्यावर क्लिक. शेतात विहिरीच्या काठावर चार पर्याय कोण देणार?

मागणी फार मोठी नाही. प्रयोगशाळा नको, अनुदान नको. नवी तुकडी आली की पहिला महिना आकडे बंद ठेवा आणि नुसती अक्षरं फिरवायला लावा: क्षेत्रफळ वेगळं काढ, लांबी वेगळी काढ, पॉवर फॅक्टर वेगळा काढ, प्रत्येक ओळीला काय केलं ते तोंडाने सांग. परीक्षेत एक तरी प्रश्न पर्यायांशिवाय, कागदावर सोडवायला द्या. आणि हेही जड जात असेल, तर सर्टिफिकेटवर एक ओळ छापा: "हा उमेदवार तीन राशींपर्यंतच वापरावा." निदान गिऱ्हाईक सावध राहील.