बॉबीला धडपडू द्या की!

मैत्रिणींनो, वेंधळा डिटेक्टिव्ह आपल्याला भारी आवडतो. चोर समोरून निघून जातो आणि हा खुर्चीला अडखळून पडतो. गुन्हेगार सापडलाच तर तोही नशिबानं! १९६३च्या ‘पिंक पँथर’मधला पीटर सेलर्सचा इन्स्पेक्टर क्लूझो घ्या, नाहीतर १९८२च्या ‘गोपीचंद जासूस’मधला राज कपूर. एवढे घोळ घालूनही त्याला कुणी म्हणत नाही, ‘बाबा, हे काम तुझं नव्हे.’

१९८५ मधला दूरदर्शनवरचा ‘करमचंद’ आठवतो ना? पंकज कपूर गाजर खात खात डोकं चालवायचा आणि सुश्मिता मुखर्जीची किटी काही बोलली, की तिला गप्प करायचा. घरोघरी हशा पिकायचा. वेंधळेपणा किटीच्या वाट्याला, केस मात्र करमचंदची.

म्हणूनच २०१४चा ‘बॉबी जासूस’ मला जवळचा वाटतो. समर शेखचं दिग्दर्शन, निर्मितीत दिया मिर्झा आणि बॉबीच्या भूमिकेत विद्या बालन. तिकीटबारीवर सिनेमा फारसा चालला नाही. पण गोष्ट जुन्या हैदराबादेतली, मोगलपुऱ्यातली आहे. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. नांदेडकडच्या बाईला ती गल्ली, ती बोली परकी कशी वाटेल? तिथली ही बिल्किस, म्हणजे बॉबी. लग्नाचं बघायचं सोडून हिला जासूस व्हायचंय! मोठी एजन्सी उभी करत नाही, वडिलांना हे पटत नाही. मग ती दाढी चिकटवून भिकारी होते, ज्योतिषी होते, गल्लीतल्या बारीकसारीक केसेस घेते, आपटते, पुन्हा उठते. शेवट सांगून तुमची मजा घालवत नाही.

खऱ्या आयुष्यातही अशी बाई आहे. मुंबईच्या रजनी पंडित यांनी एका खुनाचा छडा लावायला संशयित बाईच्या घरी सहा महिने मोलकरीण म्हणून काम केलं, असं त्यांनीच मुलाखतींत सांगितलंय. कौतुक आहेच. पण आपल्याकडे बाईला जागा मिळते ती अशी काहीतरी अचाट करून दाखवल्यावरच. साधारण हुशार, थोडी धांदरट अशा बाईनं काय करायचं?

आमच्या विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे. खेड्यापाड्यांतून मुली शिकायला येतात. पोराचे चार विषय राहिले तर ‘निघतील पुढच्या वेळी’. पोरीचा एक राहू द्या, लगेच घरी स्थळांच्या चिठ्ठ्या निघतात. वर धाकटीलाही ऐकवतात, ‘बघितलं ना ताईचं काय झालं?’ एकीची चूक म्हणजे घरातल्या सगळ्या पोरींविरुद्ध पुरावा! एवढा तपास तर करमचंदनंही केला नसेल.

मला विचाराल तर त्यानं एखादी केस किटीच्या हाती द्यायला हवी होती. घातला असता तिनं घोळ. गाजरं काय, तिलाही खाता आली असती.