मुळांचें अन्नछत्र

पीक मातींतून अन्न घेतें, हें शाळेंतील लहान मूलही सांगेल. परंतु पीक मातीला अन्न घालतें, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानीं असते. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे आमच्या विद्यार्थिमित्रांचें, आणि ज्यांच्या घरीं शेती आहे अशा पालकांचें, लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

पानांनीं सूर्यप्रकाशांत तयार केलेल्या साखरेचा कांहीं अंश मुळांवाटे बाहेर पाझरतो. त्यासवें सेंद्रिय आम्लें व इतर द्रव्येंही झिरपतात. ह्या अन्नावर सूक्ष्म जंतूंची दाट वस्ती जगते. मुळाला बिलगलेल्या मातींत जेवढे जंतु असतात, तेवढे थोड्या अंतरावरील मातींत आढळत नाहींत. लॉरेन्झ हिल्टनर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १९०४ सालीं मुळांभोंवतालच्या ह्या मातीस स्वतंत्र नांव दिलें. 'ऱ्हायझोस्फिअर' हें तें नांव होय.

मात्र ह्या अन्नछत्रांत सर्वांस सारखेंच पान वाढलेलें नसतें. हरभऱ्याचीं मुळें विशिष्ट द्रव्यें सोडून आपल्या कामाचे जंतु बोलावून घेतात, त्यांना गांठींत घर देतात, साखर पुरवितात, आणि मोबदल्यांत हवेंतील नत्र मिळवितात. बायेरिंक ह्या डच शास्त्रज्ञानें गांठींतील असे जंतु १८८८ सालीं वेगळे काढून दाखविले. झेंडूचीं मुळें उलट कित्येक सूत्रकृमींना मारक ठरतात. ज्वारीच्या मुळांनीं धाडलेलें आमंत्रण स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीसाठीं असतें. पण त्याच खुणेनें टारफुल्याचें बीं जागें होतें व ज्वारीचाच रस शोषूं लागतें. यजमान कितीही शहाणा असला तरी एखादा आगंतुक शिरतोच!

ह्या ज्ञानाचा शेतीशीं संबंध काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, जमिनींत जिवंत मूळ जितके दिवस राहील, तितके दिवस हें अन्नछत्र चालू राहतें. आपल्या वाडवडिलांनीं ज्वारींत तूर पेरण्याची चाल घातली. ज्वारी निघाल्यावरही तूर रानांत उभी असते, व तिचीं खोल मुळें मातीला अन्न घालीत राहतात. ही चाल घाईनें मोडूं नये.

दुसरी सूचना हरभऱ्याची. कित्येक ठिकाणीं हरभरा मुळांसकट उपटून काढतात. उपटणें सोपें, काम लवकर उरकतें, आणि कापलेल्या रानांत बुडखे पायांस टोचतात, हें सारें खरें. पीक तयार होईपर्यंत गांठींतील नत्राचा मोठा भाग दाण्यांत गेलेला असतो, हेंही खरें. तरीसुद्धां उरलेलीं मुळें हें जंतूंच्या वाट्याचें अन्न आहे. तें खळ्यावर नेऊन काय साधतें? आमच्या मतें हरभरा विळ्यानें कापावा व मुळें रानांतच कुजूं द्यावीं.

तिसरी गोष्ट खतांची. रासायनिक खतांनीं देशाचें धान्य वाढविलें, आणि तीं टाकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कडधान्याला नत्राचें खत भरमसाट दिलें, तर त्याच्या मुळांवर गांठी कमी धरतात. आयतें मिळूं लागल्यावर कष्टाळू सोबत्याला कोण पोसणार? पदरचे पैसे खर्चून घरचा सोबती घालविणें, हा दुहेरी तोटा होय.

केवळ आमच्या शब्दावर कोणीं विश्वास ठेवावा, असें नाहीं. हरभरा फुलावर आला म्हणजे एक रोप मातीसकट हलक्या हातानें खणून काढावें, पाण्यांत धुवावें, आणि एक गांठ नखानें फोडून पाहावी. आंत गुलाबी रंग दिसला तर जंतु कामांत आहेत असें समजावें. गांठ पांढरी असली तर ते अजून कामाला लागलेले नाहींत, आणि हिरवट असली तर त्यांचें काम संपलें. विद्यार्थ्यांनीं ही गांठ घरीं वडील मंडळींस अवश्य दाखवावी. पुढचें पीक काढतांना हातांत विळा घ्यावा कीं नुसत्या हातांनीं उपटावें, ह्याचा विचार मग घरोघरीं आपोआप होईल.