खेळाचे नाव, जुगाराचा बाजार

हल्लीची मुले बिघडली, मोबाइलवर जुगार खेळू लागली, मैदाने ओस पडली, हे वाक्य गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला आता म्हणीची प्रतिष्ठा लाभली आहे. व्यासपीठावर ते ऐकू येते आणि लग्नाच्या मांडवातही. मी त्या ‘हल्लीच्या मुलां’पैकीच एक आहे. वडीलधाऱ्यांचा मान राखून मला एवढेच म्हणायचे आहे की, पिंजऱ्यात उभा केलेला आरोपी चुकीचा आहे.

जुगार या मुलुखाला नवा नाही. एके काळी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या-मिटत्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. पुढे त्याचाच मटका झाला आणि गिरणगावातील कितीतरी पगार त्यात बुडाले. परंतु त्या काळी आकडा लावणारा माणूस इकडेतिकडे पाहून टपरीशी वाके. मटक्याच्या पाटीवर कोणा कसोटीवीराचे छायाचित्र नव्हते. ती लाज हे समाजाने घातलेले कुंपण होते. आमच्या पिढीच्या वाट्याला जुगार आला तो हे कुंपण मोडूनच आला, आणि मोडणारी होती जाहिरात.

ती कशी मोडली गेली ते पाहावे. २०२० साली आयपीएल स्पर्धेलाच ‘ड्रीम इलेव्हन’चे नाव जोडले गेले. जुलै २०२३ पासून तेच नाव भारतीय संघाच्या छातीवर आले. पैशांच्या खेळांच्या जाहिरातीत अठरा वर्षांखालील मूल दाखवू नये, असा दंडक जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून घातला होता. दंडक चांगलाच होता. पण संघाचा सदरा बाजारात येताच देशभरातील दहा-दहा वर्षांची मुले तेच नाव छातीवर मिरवीत शाळेच्या मैदानात उतरली. जाहिरातीत मूल दाखवायचे नव्हते; इथे तर मूलच जाहिरात झाले, आणि तेही बापाच्या पैशाने! ‘या खेळात आर्थिक जोखीम आहे, त्याचे व्यसन लागू शकते’ ही सूचना देणे सक्तीचे होते खरे. परंतु ती ज्या घाईने म्हटली जाई, त्या घाईतच तिच्यामागची आस्था कळत असे.

यावर कंपन्यांचे ठरलेले उत्तर असे की हा जुगार नव्हे, हे कौशल्य आहे. त्याला न्यायालयांचाही आधार होता. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच म्हटले होते. आभासी संघ निवडण्याच्या खेळाविषयी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तोच कौल दिला. अकरा खेळाडू निवडायला क्रिकेटची जाण लागते, हेही मान्य. पण जो धाव घेत नाही, चेंडू अडवीत नाही, दुसऱ्याच्या घामावर पैसे लावून निकालाची वाट पाहतो, त्याला ‘खेळाडू’ म्हणायचे काय? आपल्या विरारच्या पृथ्वी शॉने २०१३ साली हॅरिस ढाल स्पर्धेत आझाद मैदानावर ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. त्यामागे पहाटेच्या लोकलचे किती प्रवास होते, हे वसईकराला सांगायला नको. कौशल्य म्हणतात ते याला. मोबाइलवरच्या डावात मात्र जिंको कोणी, हरो कोणी, कंपनीचा वाटा आधीच बाजूला निघालेला असे. खेळाची कीर्ती उसनी घेऊन ती जुगाराला नेसवली गेली, ही माझी तक्रार आहे.

आणि ती कीर्ती उसनी दिली कोणी? क्रिकेट मंडळाने दिली. शासनाने १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या रकमेवर २८ टक्के कर घेतला. आमच्या दैवतांनीही दिली. वडिलांना दिलेल्या शब्दाखातर तंबाखूची जाहिरात न करणारे सचिन तेंडुलकर २०२० साली ‘पेटीएम फर्स्ट गेम्स’चे सदिच्छादूत झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडू यांनी त्यांच्या वांद्र्याच्या घरासमोर त्याविरुद्ध आंदोलन केले. जाहिरात कायद्याला धरून होती, हे खरेच. पण आम्ही त्यांच्याकडे कायद्याचा नमुना म्हणून पाहत नव्हतो.

जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत होते, असा आरोप विरोधकांनी केला. त्यांनी तो नाकारला. पडद्यावर आलेला खेळ आपण बंद करीत होतो, असा त्यांचा खुलासा होता. महिनाअखेर त्यांचे खाते बदलले आणि त्यांना क्रीडा व युवक कल्याण देण्यात आले! खुलासा खरा मानला, तरी सभागृहात मंत्र्यालाही न सोडणारा हा बाजार वसतिगृहातल्या पोराला सोडील काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. ‘मुले बिघडली’ म्हणणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावे. ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, असा खुद्द सरकारचा अंदाज होता. सप्टेंबरच्या आशिया चषकात भारतीय संघाच्या सदऱ्यावर कोणाचेच नाव नव्हते. पण स्पर्धा संपण्यापूर्वीच टायर बनवणाऱ्या कंपनीशी मंडळाचा नवा करार झाला. मंडळाचे काही बुडाले नाही. ज्यांचे बुडाले त्यांची रक्कम कोणी परत केली नाही, आणि खेळाच्या नावाने घेतलेल्या पैशाचा हिशेबही कोणी मागितला नाही.

आता थोडे आपल्या अंगणात. गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत पोरांचे लिलाव पुकारणारे आम्ही नव्हे, आमचे वडीलधारेच आहेत. सणाच्या रात्री मोठ्या बक्षिसांची हाऊजी रंगते तेव्हा तिकिटे कोण विकते? गोखिवऱ्याच्या गाळ्यांत दिवसभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्या तरुणाने सुटीच्या दिवशी खेळावे कुठे, याचे उत्तर देता येत नसेल, तर तो मोबाइलमध्ये का शिरला हे विचारण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. आणि मोबाइल म्हणजेच पाप, असेही नव्हे. पैसे न लावता खेळणाऱ्या मुलाला जुगाऱ्यांच्या रांगेत बसवू नये. पटापुढे तासन्‌तास बसणारी नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. तीही हल्लीचीच मुलगी आहे.

म्हणून मागणे मोजकेच आहे. आपल्या मंडळांनी स्पर्धांतले लिलाव बंद करावेत. फलकासाठी देणगी घेताना देणारा काय विकतो, हे आधी विचारावे. डिसेंबरअखेर चिमाजी आप्पा मैदानावर भरणाऱ्या वसई तालुका कला-क्रीडा महोत्सवात टाळ्या वाजवणाऱ्यांनी उरलेले अकरा महिने आपल्या गावचे मैदान मोकळे राहील, मांडवांनी आणि मोटारींनी भरणार नाही, हे पाहावे. एवढे केल्यावर आम्ही मैदानात दिसलो नाही, तर खुशाल बोल लावा. आम्ही मान खाली घालून ऐकून घेऊ.