चूल फक्त पाहुण्यांसाठी

मागच्या हिवाळ्यात ऑफिसची टीम हुरडा पार्टीला गेली होती. मी लोणी काळभोरचा, त्यामुळे माझ्यासाठी सोलापूर रोडने अजून थोडं पुढे, एवढंच. पण हिंजवडीच्या पब्लिकसाठी ती 'गावाची सफर' होती. बैलगाडी, घोंगडी आणि चुलीवर भाकरी करणाऱ्या एक मावशी. प्रत्येकाने त्यांचा फोटो काढला. मीही काढला.

गर्दी हटल्यावर सहज विचारलं, "मावशी, घरीपण चूलच का?"

"न्हाय ओ, घरी ग्यास हाय. चूल हितंच, पावन्यांसाठी."

झालं! डोक्यात किडा शिरला.

हा प्रकार जुनाच आहे. मुंबईत सरकारी नोकरीत असलेल्या विल्यम जॉन्सनने इथल्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक दोन भागांत काढलं, १८६३ आणि १८६६ मध्ये. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे आणि मागे दुसरीकडचं दृश्य जोडायचं, हे त्याने फोटोशॉपच्या साधारण सव्वाशे वर्षं आधी केलं. खाली जातीचं नाव. माणसाचं नाही.

अमेरिकेत १९२०च्या दशकात मायामीजवळ सेमिनोल आदिवासींची 'गावं' तिकीट लावून दाखवत. पर्यटक पोस्टकार्डं घेऊन जात. पण त्या कुटुंबांना बिचारं समजू नका. ती तिथे पैसे कमवत, शिलाई मशीनवर शिवलेले रंगीबेरंगी कपडे विकत. पुढे २००७ मध्ये त्याच सेमिनोल जमातीने 'हार्ड रॉक'चा हॉटेल-कॅफे धंदा विकत घेतला! पोस्टकार्डात हे कुठे दिसणार?

म्हणून माझा कृषी पर्यटनाला विरोध अजिबात नाही. पिकाला भाव नसताना हुरड्याचे पैसे थेट शेतकऱ्याच्या हातात पडत असतील तर उत्तमच. माझं भांडण आपल्याशी आहे. आपण चूल बघतो आणि 'गाव किती साधं, किती सुखी' म्हणून मोकळे होतो. मग गावाने रस्ता, पाणी, वीज मागितली की आपल्यालाच ते 'बिघडलेलं' वाटतं. लोणी स्टेशनजवळ तेल कंपन्यांचे डेपो आहेत, टँकर उभे असतात. तेही गावच आहे की! त्याचा फोटो कोण काढतं?

निघताना मावशींना नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. इथे लिहू का, हे विचारायचं मात्र राहिलं, म्हणून लिहीत नाही. फोटोही टाकत नाही.